आयी

मलावीत मिशनच्या कामाला गेले होते, तेव्हा रविवारी तिथल्याच मंडळीबरोबर उपासनेला बसले. प्रार्थना सुरू झाली आणि शेजारची बाई डोळे घट्ट मिटून पुटपुटू लागली, "आयी, आयी." परमुलखात आपला शब्द ऐकून मला भरून आलं. दुःखात माणूस कुठलाही असो, हाक आईलाच मारतो, असं वाटलं. तिच्या प्रत्येक हाकेला मी मनापासून "आमेन" म्हणत राहिले.

बाहेर आल्यावर हे तिथल्या पाळकांना कौतुकानं सांगितलं.

"सिस्टर, आमच्या भाषेत आयी म्हणजे नाही. परवाच तिचं तान्हं मूल पुरलं आम्ही."

ती देवाला नाही, नाही म्हणत होती. आणि मी तिच्या कानाशी बसून म्हणत होते, आमेन, तसंच होवो.