झिजलेली कळ

आज लॅपटॉप पुसताना लक्षात आलं, माझ्या कीबोर्डवरची एकच कळ झिजून गुळगुळीत झाली आहे, तळाची लांबट स्पेसबार. ती दाबली की संगीत रचायच्या ॲपमधला पियानो सुरू होतो, पुन्हा दाबली की थांबतो. मला स्वतःला पियानो वाजवता येत नाही. सहा वर्षं मी पडद्यावर माउसने एकेक सूर मांडतो आहे, आणि ॲप ते बिनचूक वाजवतं.

गेल्या रविवारी हौसेने एक रचना छापून खालच्या मजल्यावर पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे नेली. पहिली ओळ त्यांनी सहज वाजवली. दुसरीवर बोटं ताणून पाहिली आणि थांबल्या.

"अहो, इथे तिसरा हात लागेल. मधले हे चार सूर वाजवायचे कुणी?"

सूर मांडताना हातांचा विचार कधी मनातच आला नव्हता.

"ते सोडून वाजवते," त्या म्हणाल्या. अवघड जागी अडखळल्या, चुकल्या, जीभ चावून पुन्हा थोडं मागून वाजवू लागल्या. माझी रचना पहिल्यांदाच जिवंत झाली, आणि ती माझी राहिली नव्हती.

सूर माणसासारखे किंचित पुढेमागे करणारं बटण ॲपमध्येही आहे. घरी येऊन ते दाबलं. पियानो अडखळला, पण भलत्याच ठिकाणी. त्याला अवघड असं काही नव्हतंच.

आता स्पेसबार पुसून झाली. सवयीने दाबली. खोलीभर पियानो वाजतो आहे, आणि माझे दोन्ही हात मांडीवर पडून आहेत.