मोजे काढा

आमची पलटण त्या उंचीवर चढली तेव्हा मी नायक होतो. हुद्दा नायक, ट्रेड नर्सिंग असिस्टंट. पोस्टचं नाव सांगत नाही. उंची साडेसतरा हजार फूट. माणसं चौदा, फायबरच्या दोन झोपड्या, एक स्वयंपाकाचा तंबू, एक रेडिओ सेट. पलटणीचे मेडिकल ऑफिसर कॅप्टन रावत खाली बेसवर असायचे. वर औषधवाला मी एकटाच, म्हणून जवान मलाच डॉक्टर म्हणत. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातला योहान तायडे, बारावी पास आणि डॉक्टर!

वर पाठवताना कॅप्टन रावतांनी मला एकच हुकूम दिला.

"तायडे, हर शाम, हर आदमी, दोनों पैर. आँख से देखना, हाथ से दबाना. पूछना नहीं. पूछोगे तो सब ठीक बोलेंगे."

"जी साब."

त्या थंडीत पाय आधी बधिर होतो, मग पांढरा पडतो, मग काळा. बधिर झालेला पाय दुखत नाही, म्हणून माणसाला कळत नाही. ते कळून घेणं माझं काम. रोज १६०० वाजता मी बर्फ वितळवून पाणी कोमट करायचो. एकेक जवान खाटेवर बसायचा, मी गुडघ्यावर. मोजे काढा. बोटं धुवायची, नख दाबून सोडायचं, रंग परत येतो का बघायचं, बोटांच्या फटी पुसायच्या, पावडर, कोरडे मोजे. मग रजिस्टरात नाव आणि शेरा. तेरा माणसं म्हणजे सव्वीस पाय. वासाचं सांगत नाही.

खरं सांगतो, मला याचा वैताग होता. भरती झालो तेव्हा शनवारा दरवाज्यापर्यंत मित्रांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. ते काय लोकांचे पाय पुसायला? आठवड्यातून एकदा तीन मिनिटं घरी फोन मिळायचा. एकदा मी सुनंदापाशी, म्हणजे बायकोपाशी, सगळं ओकून टाकलं.

ती हसली. "मंग? येशूनं नाही का शिष्यांचे धुतले? तुमचेच हात काय सोन्याचे हायेत?"

"त्यानं एक संध्याकाळ धुतले," मी म्हणालो. "मला एकशे वीस दिवस आहेत."

"असं बोलू नये जी," ती म्हणाली आणि लाइन तुटली.

मी चर्चमध्ये वाढलेला माणूस. प्रार्थना चुकवत नव्हतो. स्लीपिंग बॅगमध्ये रोज म्हणायचो, प्रभू, मला दुसरं कुठलंही काम दे. शेवटी 'तुझ्या मर्जीप्रमाणे' असंही म्हणायचो, पण ते 'जी साब'सारखं, तोंडच्या सवयीनं. मर्जी माझी होती आणि मला ती चांगली ठाऊक होती.

पोस्टवर सीनियर हवालदार होते महादेव खरात. गाव जत, नोकरी अठरा वर्षं, आवाज असा की रेडिओची गरज नाही. माझ्या मागे हात धुऊन लागले होते. बर्फ उपसायचा असो की जेरीकॅन ओढायचे असोत, पहिलं नाव माझं. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास वादळ बसलं. चार दिवस हेलिकॉप्टर नाही, घासलेट कमी. सकाळीच मी संध्याकाळच्या पायांसाठी बर्फ वितळत ठेवला होता. खरातांनी सगळ्यांसमोर स्टोव्ह बंद केला.

"डॉक्टर, घासलेट काय तुझ्या बापानं पाठवलंय? चहाला नाय आणि पाय शेकायला हाय?"

सगळे हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हवालदारासमोर नायकानं बोलायचं नसतं. त्या संध्याकाळी १६०० वाजता बारा जणांचे पाय झाले. खरात खाटेवर बसून रायफलला तेल देत होते. बूट पायात.

"ठीक है, डॉक्टर. पुढं हो."

मी 'मोजे काढा' म्हणायला हवं होतं. हुद्द्यानं ते मोठे, पण त्या एका कामात माझ्यापाठी कॅप्टनचा हुकूम होता. मेजरचेसुद्धा मोजे उतरवायचा अधिकार मला होता. पण मनात आलं, या माणसापुढे गुडघे टेकायचे? नाही टेकत. मी रजिस्टरात लिहिलं: हवालदार खरात, ठीक. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

चौथ्या दिवशी हवा उघडली. ०६०० वाजता खरात पाच जणांची लिंक पेट्रोल, म्हणजे दोन पोस्टांमधली गस्त, घेऊन शेजारच्या पोस्टकडे निघाले. ०९४० वाजता सेट बोलला.

"एक आदमी नीचे गिरा. रस्सी से हाथ छूटा. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

"खरात उस्ताद. ओव्हर."

मी आणि तिघे स्ट्रेचर घेऊन निघालो. पोचायला १२५० झाले. जवानांनी त्यांना घळीतून वर काढलं होतं. मांडी मोडली होती, पोट टणक लागत होतं, म्हणजे आत रक्त. ज्यानं पडताना पाहिलं तो लान्स नायक म्हणाला, "उस्तादांचा पाय बर्फातल्या पायरीवर बसलाच नाय. पायरी हाय का नाय ते त्यांना कळलंच नाय."

मी मांडीला फळी बांधली आणि बूट कापला. बोटं काळी होती, चवड्यापर्यंत. आजचं नव्हे ते. तीन दिवसांचं तरी असावं.

खरात शुद्धीवर होते. त्या लान्स नायककडे मान करून मला म्हणाले, "मी पाय दाखवून मागं बसलो असतो तर हे पोर घेऊन गेलं असतं पेट्रोल. त्यानं ही वाट एकदा पण बघितली नाय." मग थोड्या वेळानं, "तू इचारलंच नाय, लेका."

हेलिकॉप्टर मागितलं. मधल्या खिंडीत ढग होते, आलं नाही. आम्ही उचलून निघालो. वाटेत माझा डावा पाय मांडीपर्यंत बर्फात गेला, बुटात पाणी शिरलं. थांबलो नाही. १५२५ वाजता, पोस्ट दीडशे मीटरवर दिसत असताना, हवालदार महादेव खरात गेले.

१६०० वाजता मी पाणी तापवलं. पोस्टवर होते त्या सगळ्यांचे पाय बघितले. माझे बघणारं कोणी नव्हतं आणि मी कोणाला सांगितलंही नाही. सकाळी डाव्या पायाची दोन बोटं पांढरी होती. पुढे बेस हॉस्पिटलात ती काढली.

चौकशी झाली. रजिस्टरात तिन्ही दिवस 'ठीक' होतं, सही होती. कागद साफ म्हणून मीही साफ. फक्त कॅप्टन रावत माझ्या पलंगाशी रजिस्टर घेऊन आले. त्या तीन ओळींवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "देखा था?"

"नहीं साब."

मला वाटलं आता कोर्ट मार्शल. व्हावंच, असं वाटत होतं. शिक्षा झाली असती तर भोगून मोकळा झालो असतो. त्यांनी रजिस्टर मिटून माझ्या उशाशी ठेवलं.

"चलने लगो तो ऊपर जाओगे. फिर से देखना. हर शाम."

बस, एवढंच. मला त्या माणसाचा इतका राग आला की सांगता येत नाही. ज्या कामात माणूस घालवला तेच काम परत हातात. मी परत वर गेलो आणि उरलेले दिवस एकही पाय सोडला नाही.

हवालदार होऊन निवृत्त झालो, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. बऱ्हाणपुरात आमच्या चर्चच्या ओसरीवर मी मंगळवारी आणि शुक्रवारी बसतो. शुगरवाल्यांचे पाय बघतो. यंत्रमागावर दिवसभर उभे राहणारे येतात, केळीच्या बागेत अनवाणी चिखल तुडवणारे येतात. शुगरनं पाय बधिर झालेला असतो, काच घुसली तरी कळत नाही. बर्फाचं आणि शुगरचं गणित एकच. हे काम मी मागितलं नव्हतं. चर्चमध्ये सेवेची कामं वाटत होते, मी हिशोबाच्या टेबलाकडे डोळा ठेवून होतो, आणि आमचा पास्टर अमित सगळ्यांसमोर म्हणाला, "अंकल तो आर्मी में मेडिकल में थे ना?" देवानं कॅप्टन रावतांची बदली आमच्या चर्चमध्ये केली की काय, असं मला वाटलं.

लोक छळतात. हळद भरून येतात, चुना लावून येतात, तंबाखू बांधून येतात. "ठीक हाय भाऊ" म्हणतात आणि जखमेत अळ्या असतात. मी ओरडतो. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पास्टर चर्चमध्ये बारा जणांचे पाय धुतो, त्याचा तर मला दरवर्षी संताप येतो. बारा जण घरूनच पाय घासून, साबण लावून येतात. एकदा एकाच्या पायाला अत्तराचा वास होता! अरे, धुतलेले पाय धुवून काय करायचं? पास्टर दरवर्षी मलाही बसायला सांगतो आणि मी दरवर्षी नाही म्हणतो. माझे मोजे मी कोणासमोर काढत नाही. चैत्राच्या उन्हातसुद्धा घालतो. सुनंदानं सांगून सांगून हात टेकले.

यंदा त्या गुरुवारच्या आधीच्या मंगळवारी शाहपूरहून काशिनाथ आला. वय साठच्या पुढे, केळीच्या गाड्या भरणारा. लंगडत होता, पायाला फडकं गुंडाळलेलं, आणि त्याचा वास ओसरीच्या टोकाला येत होता.

"फडकं सोडा," मी म्हणालो.

"काही नाही साहेब. ठीक हाय. गोळी द्या फकत."

"सोडा म्हणतो ना!"

तो माझ्या पायांकडे बघत राहिला. "तुमी काहून मोजे घालून बसता इतक्या उन्हात? तुमी दाखवा, मंग मी दाखवतो."

रांगेतले सहा-सात जण हसले. स्टोव्हच्या वेळचंच हसू ते. मी आवाज चढवला. दाखवायचं नसेल तर इथं गर्दी करू नका, म्हणालो. काशिनाथ उठला, काठी घेतली आणि निघून गेला. मी वहीत पुढचं नाव पुकारलं.

दोन दिवस मला घास गोड लागला नाही. प्रार्थनेला बसलो की डोळ्यांपुढे ते फडकं यायचं. देवाशी मी भांडलो. म्हटलं, किती वेळा तेच? या वयात, या गुडघ्यांनी? मी ओसरीवर बसतो, लोकांचा पू काढतो, एवढ्यात तुझं भागत नाही का? हुकूम तेवढा माहीत होता. तो अजून कोणी मागे घेतला नव्हता.

गुरुवारी दुपारी तीन वाजता मी ड्रेसिंगची पेटी स्कूटरला बांधली. तेवढ्यात पास्टरचा फोन.

"अंकल, संध्याकाळी एक आदमी कम पडून राहिला. बारावे तुम्ही बसता का?"

"मला शाहपूरला जायचंय."

"आज? अंकल, आज तर पाय धुवायचा दिवस..."

"म्हणूनच," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

काशिनाथ घराबाहेर बाजेवर पडला होता. अंगात ताप. सून दारातून बघत होती. तिच्याकडून मी घमेलंभर पाणी मागून घेतलं. मला बघून त्यानं पाय गोधडीखाली ओढला. मी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसलो, डावा बूट काढला आणि मोजा उतरवला. इतक्या वर्षांत सुनंदा सोडून कोणी तो पाय पाहिला नव्हता.

काशिनाथ उठून बसला. त्यानं हात पुढे करून, बोटं नाहीत त्या जागी अंगठा ठेवला. केळीच्या चिकानं काळा पडलेला अंगठा.

"दुखते?"

'ठीक है, पुढं हो' हे माझ्या जिभेवर आलं होतं. शब्दसुद्धा खरातांचेच. ते मी गिळले.

"दुखते," मी म्हणालो. "रोज दुखते."

त्यानं मान हलवली आणि गोधडी बाजूला केली. मी गुडघे टेकले, फडकं भिजवून सोडवलं. खिळा घुसल्याची जखम होती, पंधरा दिवसांची तरी. अंगठा काळा होता, पण काळं अजून चवड्यावर चढलं नव्हतं. मी नखं दाबली. शेजारच्या बोटांत रंग परत आला. मी रडलो, सुनेसमोर, काही न लपवता. मग जखम धुतली, बांधली, आणि शेजाऱ्याच्या गाडीत घालून त्याला दवाखान्यात नेलं. अंगठा गेला. पाय राहिला.

गाडीत तो माझ्या खांद्याला टेकून बसला होता. माझा डावा पाय अजून उघडाच होता. मोजा कुठे राहिला ते मला आजही माहीत नाही. त्यानं विचारलं, "तुमचं हे कसं झालं साहेब?"

इतक्या वर्षांत हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आमच्या पोस्टवर एक हवालदार होते," मी म्हणालो. "महादेव खरात, जतचे. त्यांचे पाय बघायचे राहिले माझ्याकडून."