साक्षीदाराची ओळ

पांडेसऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पावसाचं पाणी नेणारं गटार आहे. पाऊस जोरात आला की कापड रंगवणारे मिलवाले त्यातच रंगाचं पाणी सोडतात आणि ते थेट खाडीत जातं. म्हणून पाण्याचे नमुने घेणारे पालिकेतले काका नेमके पावसातच येतात. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळल्याशिवाय ते नमुना भरत नाहीत. गटाराशेजारच्या चहाच्या टपरीवरचे लोक हसतात, "काका, शेवटी घाणच भरायची ना? मग धुता कशाला?" काकाही हसतात, पण थकून.

परवा पाणी जांभळं होतं. पंचनाम्यावर साक्षीदाराची सही हवी म्हटल्यावर टपरीवरचे सगळे चहात डोकं घालून बसले. काकांनी मला बोलावलं.

"तू कॉलेजात जातोस ना? वाच, पटलं तर सही कर."

मी दोनदा वाचलं. सगळं खरं होतं. खाली मिलचं नाव होतं. पेन हातात तसंच राहिलं.

"वडील कुठे कामाला?"

"तिथंच. रंगखात्यात."

ते रागावले नाहीत. पेन परत घेऊन त्यांनी साक्षीदाराच्या ओळीत लिहिलं, 'कोणी तयार नाही.' ते पंचनाम्यांची वही चाळत असताना मला मागची पानं दिसली. पानोपानी तेच, त्याच अक्षरात.

"साक्षीशिवाय केस टिकत नाही," बाटलीचं बूच घट्ट करत ते म्हणाले. "तरी नमुना प्रयोगशाळेत देतो मी. तू जा, भिजू नकोस."

मला सुटल्यासारखं वाटलं. ते त्यांना दिसू नये म्हणून मी खाली पाहिलं. माझ्या चपलांवरून जांभळं पाणी वाहत होतं.