मागची पट्टी

बायकोलाही आजवर सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो. बळवंतरावांना ज्या एका गोष्टीसाठी आमचं गाव अजून शिव्या घालतं, ती गोष्ट त्यांनी केलेली नाही. ती मी केली. पण म्हणून बळवंतराव चांगले होते, असं मी लिहिणार नाही. माणूस हलकाच होता. सहा वर्षं त्यांची मोटार हाकली, तेव्हा एवढं म्हणायचा मला अधिकार आहे.

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमचं गाव. बळवंतरावांचा कापसाचा व्यापार. निजामाच्या राज्यात, जर्मनची लढाई सुरू व्हायच्या आधी, त्यांनी हैदराबादेहून उघड्या टपाची जुनी मोटार आणली. तिचं इंजिन खोकायचं, दारं दोरीनं बांधावी लागत, पण मागचा बंपर तेवढा आरशासारखा होता. गाव त्याला ‘मागची पट्टी’ म्हणायचं. बळवंतराव सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मोटारीच्या मागं जायचे, उकिडवे बसायचे आणि त्या पट्टीत मिशा विंचरायचे. घरात चांगला बिलोरी आरसा असताना! पट्टीत तोंड पसरट दिसतं, गाल भरल्यासारखे वाटतात, म्हणून त्यांना ती पसंत.

पण पट्टीत तोंड फक्त त्यांनाच दिसत नव्हतं. गावातली कुत्रीही तिच्यापुढं येऊन उभी राहत, समोर दुसरं कुत्रं दिसलं की गुरगुरत आणि नखं मारत. एकदा रावांनी पट्टीला मिरचीचं पाणी लावायला लावलं. कुत्री शिंकून पळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी राव सवयीनं पट्टीवरून बोट फिरवून तेच बोट डोळ्याला लावून बसले. दोन दिवस डोळ्यांवर ओला पंचा. तरी वर मलाच म्हणाले, “दत्त्या, कुत्र्याला तकलीफ झाली की न्हाई, ते सांग आधी.”

कुत्र्यांच्या जोडीला सामान होतंच. मागं सरकीची पोती, हळदीचे कट्टे बांधले जात आणि चढवता-उतरवताना पट्टीला घासत. मग रावांनी मारोती धनगराकडून नवी घोंगडी घेतली आणि पट्टीला गुंडाळली. पोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल घालतात तशी, वर गोंडेसुद्धा लावले. मारोती बघतच राहिला. म्हणाला, “मालक, घोंगडी माणसानं पांघरायची चीज हाय. लोखंडाला काहून थंडी वाजून राहिली?” राव चिडले. “तुला मोटारीतलं काय कळतं रे, मेंढरं हाकणाऱ्या?” म्हणाले.

कळलं ते मारोतीलाच होतं. महिन्याभरात घोंगडीच्या लोकरीत रस्त्याची वाळू आणि गोखरू जाऊन बसले. प्रत्येक धक्क्याला ते पट्टीवर घासत. घोंगडी सोडली तेव्हा कुत्र्यांनी वर्षात पाडले नसते एवढे ओरखडे निघाले. रावांनी दोष कुत्र्यांनाच दिला. “घोंगडीच्या आत तोंड घालून राहिलेत लेकाचे,” म्हणाले. मला खरं दिसत होतं. मी मान हलवली. त्या घरात मान हलवायचाच पगार होता.

लढाईत पेट्रोल मिळेना. नांदेडकडच्या मोटारवाल्यांनी गाडीमागं कोळशाच्या गॅसची टाकी बसवून घेतली. राव म्हणाले, “टाकी बसवायला पट्टी काढावी लागते. आपण न्हाई बसवणार.” मग हिंगोलीच्या लग्नाला जाताना मोटारीला पुढून बैलजोडी जुंपली. राव फेटा बांधून मागं बसलेले, मी पुढं इंजिन बंद असलेल्या गाडीचं चाक धरलेला आणि माझ्यापुढं दोन बैलांची शेपटं. रस्त्यावर बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. उस्मानचाचा खोगिरं शिवायचे, त्यांनी दुकानातून हाक दिली, “क्या दत्तूमियाँ, मोटर ब्याई क्या? बैल जने?” रावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मागं वळून पट्टी बघितली. पट्टी चमकत होती. त्यांच्या दृष्टीनं वरात बराबर चालली होती.

हे सगळं मी हसत सांगतो. तेव्हाही मित्रांना सांगून हसवायचो. पण सहा वर्षं ज्या वस्तूला रोज पुसायचं, तिचा माणसाला रोग लागतो. पुढंपुढं कुत्रं दिसलं की रावांच्या आधी माझाच हात दगडाकडं जायचा.

त्याच दिवसांत पट्टी हैदराबादेला पाठवून तिच्यावर नवा मुलामा चढवून आणला होता. मी ती माझ्या हातानं बसवली. उस्मानचाचांना चामड्याची गादीदार खोळ शिवायला सांगितली होती, ती अजून यायची होती. पट्टी उघडी होती. दुपारची वेळ, जेवणं झालेली. मी मोटारीपाशी फडकं घेऊन बसलो होतो, तेवढ्यात मारोती आणि त्याचा भाऊ बाज उचलून धावत आले. बाजेवर मारोतीची बायको सखू. गोठ्याची भिंत तिच्या अंगावर पडली होती, कंबर मोडली होती. ओठ दातांत धरून ती आभाळाकडं बघत होती.

“दत्ताभाऊ, वैदू म्हन्ते, हिला वाकवू नका, बाजेसकट हिंगोलीच्या दवाखान्यात न्या. टप पाडू, बाज वर ठिवू, मागचे पाय पट्टीवर टेकतीन. मालकाला इचारा ना, पाया पडतो.”

टप सहज पाडता येत होता. रेशनवर नुकतंच मिळालेलं थोडं पेट्रोल डब्यात होतं. बाजेचे पाय मी बघितले. बाभळीचे, खाली फाटून खिळे बाहेर आलेले.

“थांबा, विचारून येतो,” म्हणालो आणि आत गेलो. राव माजघरात घोरत होते. मी दाराआड उभा राहिलो. विचारायला जेवढा वेळ लागला असता, तेवढाच वेळ उभा राहिलो आणि बाहेर आलो.

“मालक न्हाई म्हणतात.”

मारोतीचा भाऊ म्हणाला, “हलकट!” त्यांनी बाज उचलली. बैलगाडीनं हिंगोली गाठायला अंधार झाला. सखू जगली, पण पुन्हा उभी राहिली नाही. मोटारीनं नेलं असतं तर उभी राहिली असती का, ते मला माहीत नाही. डॉक्टर म्हणाले होते, गाडीच्या धक्क्यांनी फार बिघडलं.

गावानं बळवंतरावांचं नाव टाकलं. त्यांच्या दारात कोणी हळदीकुंकवाला जाईना. महिन्याभरानं त्यांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता संपलं.

“दत्त्या, त्या धनगराला मी न्हाई म्हटलं म्हणतात. माझ्याकडं तर कुणी आलंच न्हाई.”

मी जमिनीकडं बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग पान तोंडात घातलं.

“येडा हाय तू. चार नट तर असतात. पट्टी काढून घरात ठेवायची आन् न्यायची बाई.”

पाना माझ्या हाताशीच होता त्या दिवशी. मी ड्रायव्हर, आणि हे मला सुचलं नाही. ज्याला मी मूर्ख म्हणून हसत आलो, त्याला सुचलं.

त्यांनी गावात कोणाला खरं सांगितलं नाही. याला मी थोरपणा म्हणत नाही. धनगरापुढं उभं राहून ‘मी तसा नाही’ म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटलं असणार. राज्य बदललं त्या वर्षी त्यांनी मोटार विकली, आणि हिवाळ्यात ते गेले. तिरडीला खांदा द्यायला गावातले चार जण धड मिळेनात. एक खांदा मी दिला. लोक म्हणाले, दत्तू मिठाला जागला.

मारोती आणि सखू दोघंही आहेत. ती दारात बसून लोकर पिंजते. म्हैस व्याली की मारोती आमच्याकडं खरवस पाठवतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, “त्यो राव बेणं होता. ह्या दत्ताभाऊनं लई इनवण्या केल्या त्याच्या.” वीस वर्षं मी तो खरवस खातो आहे.

मारोतीचं घर माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं जाऊन, सखूसमोर बसून, मला सांगायचं राहिलं आहे की मी मालकांना विचारलंच नव्हतं.