तिच्या नावाचा पेपर

अंबाजोगाईत आमच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटरवाला भाड्यानं राहायचा. मेडिकल दुकानासाठी प्रोग्राम लिहायचा. पण आधी त्या प्रोग्रामची परीक्षा घ्यायला पेपर काढायचा, प्रोग्राम मागून लिहायचा. पडद्यावर नापासाची लाल पट्टी आली की मिशीत हसायचा.

मी इचारलं, "नापास होऊन कशापायी हसतो रं?"

"बाबा, पेपर चूक पकडतो का न्हाई, ते आधी बघावं लागतं."

दोन डॉक्टरांनी एकच औषध वेगळ्या नावांनी दिलं, ते दुप्पट पोटात जाऊन माझी बायको गेली. हे त्याला सांगितलं. त्यानं तिच्या नावानं पेपर काढला, त्यात डॉक्टरांच्या त्याच दोन चिठ्ठ्या टाकल्या. प्रोग्रामनं दोन्ही औषधं दिली, पट्टी लाल. चहा गार झाला तरी तो प्रोग्राम सुधरवत बसला, उठला न्हाई. शेवटी पट्टी हिरवी झाली.

"बाबा, दुसरं औषध अडवलं."

मी म्हणलं, "अजून एकदा चालव."