उलटे ठेवलेले पाच कांदे

भुताखेतांचं कोणी काही सांगायला लागलं की मी आधी विचारते, 'तुम्ही स्वतः पाहिलंत का?' मग बहुतेकांचा आवाज खाली येतो. वनस्पतिशास्त्र शिकवते मी शेवगावच्या एका कॉलेजात, पंधरा वर्षं झाली. नवऱ्याच्या मते माझा स्वभाव वकिलाचा आहे. सांगायचा मुद्दा असा, की खाली लिहिलंय ते मी स्वतः पाहिलंय, आणि तरीही मला ते पटत नाही.

शेवगावपासून बारा किलोमीटरवर आमची वस्ती आहे. घरात नवरा, मी, धाकटा दीर, जाऊ मनीषा आणि सासूबाई. सासरे, म्हणजे आबा, हे घडलं त्याच्या आधीच्या दिवाळीनंतर गेले. कांद्याची शेती त्यांची. मला 'मास्तरीन' म्हणायचे. लग्नानंतर मी पीएचडी करणार म्हटल्यावर घरात सगळ्यांची तोंडं वाकडी झाली होती, पण आबा म्हणाले, "करू द्या की. कांद्यावरच करतीया, बाहेरचं काय हाय त्यात?"

कांद्यावर म्हणजे असं. बाटलीत तपासायचं पाणी भरायचं आणि तिच्या तोंडावर कांदा बसवायचा. दोन-तीन दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मुळाचं टोक कापून, रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचं. पाण्यात वाईट काही असेल तर पेशीतली गुणसूत्रं तुटलेली दिसतात, बाजूला नको तो छोटा ठिपका दिसतो. माझा विषय होता मिश्रणं. प्रत्येक फवारणीचं औषध वेगळं मोजलं तर मर्यादेच्या आत असतं, रिपोर्ट ओके येतो... पण पाण्यात ती सगळी एकत्र असतात ना! ती एकत्र काय करतात ते कागदावर कळत नाही. कांद्याला कळतं.

या कामाचे कांदे मला आबाच निवडून द्यायचे. एकसारखे, कोंब न आलेले, कांदाचाळीत साठवलेले. निवडायची त्यांची एक रीत होती. बियाण्यासाठी कांदे काढताना जो नको असेल तो ते फेकत नसत; डोक्यावर उभा करून ठेवत. शेंडा खाली, मुळं वर. म्हणजे चुकून कोणी उचलून लावायला नको. आमच्या घरातल्या पोरासोरांना हे माहीत आहे. उलटा कांदा म्हणजे त्याला हात लावायचा नाही.

आता माझी चूक सांगते. आजूबाजूच्या पाच ठिकाणचं पाणी मी आणलं होतं, ओढ्याचं, नाल्याचं वगैरे. तुलनेला एक स्वच्छ पाणी लागतं. ते मी घेतलं आमच्या विहिरीचं! आबांनी स्वतः खणलेली विहीर. त्या पाण्यात तुरीची डाळ लोण्यासारखी शिजते, पाहुणे कॅन भरून नेतात. रिपोर्टही काढला होता, सगळे आकडे मर्यादेत. खरं सांगायचं तर रिपोर्ट नसता तरी मी तेच घेतलं असतं. आमच्या विहिरीबद्दल शंका घ्यायची असते हेच डोक्यात आलं नाही.

मनीषाला तेव्हा तिसरा महिना लागला होता. याआधी तिला दोन वेळा दिवस गेले होते आणि दोन्ही वेळा चौथ्या महिन्यात... जाऊ दे. सासूबाई तिला सकाळी तांब्याच्या तांब्यातून विहिरीचं पाणी स्वतः नेऊन द्यायच्या. माया होतीच, पण मागच्या दोन वेळेला त्या तिला नको ते बोलल्याही होत्या. हिच्याच अंगात काहीतरी कमी आहे, असं.

फेब्रुवारीत मी तीस बाटल्या लावल्या. सहा ठिकाणचं पाणी, प्रत्येकी पाच कांदे. कुठल्या बाटलीत कुठलं पाणी हे आपल्यालाच कळू नये म्हणून नंबर गोंधळून टाकायचे असतात. यादी माझ्या डायरीत, डायरी माझ्या पर्समध्ये. गुरुवारी दुपारी लॅबला कुलूप लावलं. शनिवारी सकाळी साडेनऊला उघडलं... पाच बाटल्यांवर कांदे नव्हते. टेबलावर पेपर अंथरलेला होता आणि त्यावर पाच कांदे रांगेत, डोक्यावर उभे. पांढरी मुळं वर.

मी आधी चिडलेच. जॉनमामांना हाक मारली. ते आमचे लॅब अटेंडंट, वयस्कर, अतिशय सरळ माणूस.

"मामा, हे काय केलंत?"

"म्या कशाला हात लावू मॅडम? चावी तुमच्यापाशी हाय. काल म्या नगरला गेल्तो, पुतणीच्या लग्नाला."

खिडकीला जाळी आहे, माकड येत नाही. उंदीर पेपर अंथरत नाही. मी डायरी काढून नंबर पाहिले. चार, अकरा, सतरा, बावीस, एकोणतीस. पाचही आमच्या विहिरीचे.

बरं, योगायोग म्हणू. मी सगळं फेकलं, नवे कांदे घेतले, नंबर पुन्हा गोंधळले आणि यादी घडी करून ब्लाऊजमध्ये ठेवली. हसा खुशाल. ऑफिसातली जादा चावीसुद्धा मागून घेतली. मंगळवारी उघडलं तर पुन्हा पाच कांदे, पेपरवर, उलटे. नंबर वेगळे, पाणी तेच.

मी खाली स्टुलावर बसले. घाबरले का? नाही हो. मला रडू आलं. कारण ते कांदे ज्या पद्धतीने ठेवले होते, एकमेकांना टेकवून, एकही न कलंडता, तसं ठेवणारा माणूस मी एकच पाहिला होता.

मग डोळे पुसले आणि जे आधीच करायला हवं होतं ते केलं. विहिरीच्या पाण्यातली मुळं लांबीला छान होती, वरून काही कळत नव्हतं. टोकं कापली, स्लाइड केल्या. तुटलेली गुणसूत्रं होती. ठिपके होते. ओढ्याच्या पाण्यापेक्षा जास्त होते. दुपारी चारपर्यंत मी मोजत बसले आणि मोजता मोजता आठवत गेलं, की विहिरीला लागून असलेल्या हौदावर सगळी वस्ती फवारणीचे पंप धुते. आबांनी कधी कोणाला नाही म्हटलं नव्हतं. कोणाचं कपाशीचं औषध, कोणाचं कांद्याचं, कोणाचं डाळिंबाचं.

संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं, आजपासून हे पाणी प्यायचं नाही. सासूबाई कडाडल्या. "तुज्या सासऱ्याच्या विहिरीला नावं ठिवतीस? चार बुकं शिकलीस म्हून?"

मला सांगायचं नव्हतं, पण तोंडातून गेलं. लॅब, कुलूप, कांदे. त्या ऐकत राहिल्या.

"मुळं वर हुती?"

"हो आई. दोन्ही वेळा."

त्या उठल्या, मनीषाच्या उशाचा तांब्या उचलला आणि अंगणात रिता केला. परत येऊन माझ्यासमोर बसल्या. "मंग आदीची दोन गेली, ती बी ह्याच पान्यानं का?"

"माहीत नाही आई. खरंच सांगता येत नाही."

मनीषा भाकरी थापत होती. सासूबाई तिच्याजवळ गेल्या, तिच्या हातातलं पीठ काढून घेतलं. "सरक. बस तू. म्या लई बोलले तुला." मनीषा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत राहिली. तवा करपला त्या दिवशी.

आम्ही जारचं पाणी सुरू केलं. पंप धुण्याचा हौद बंद झाला, त्यावरून भांडणंही झाली. मनीषाला पूर्ण दिवस भरून मुलगी झाली, दणदणीत आवाजाची. एका बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात शिकवते. आणि कांदे? मीच भान हरपून ठेवले असतील का, हाही विचार करून झाला. पण चावी, कुलूप, मधले दिवस... माझा हिशेब कुठेच जुळत नाही. जॉनमामा त्या टेबलापाशी अजून हळू बोलतात.

मुलीच्या बारशाच्या आठवड्यात माझा शोधनिबंध तपासून परत आला. परीक्षकाने एकच शंका काढली होती: तुलनेचं पाणी स्वच्छ असल्याचा अहवाल हातात असताना तुम्ही ते पुन्हा का तपासलंत? मी दोन उत्तरं लिहून खोडली. शेवटी लिहिलं, 'खबरदारी म्हणून.'

ते खोटं नाही. खबरदारी घेतली गेली होती. कोणी घेतली, ते त्यांनी विचारलं नव्हतं.