मास्तरांच्या भिंतीवरच्या काचा

बल्गेरियातल्या बाल्चिकच्या वर, टेकडीवरच्या गावात राल्का पेत्कोवाने चाळीस वर्षं गिलावा केला. तिची थापी फिरली नाही अशी भिंत तिथे शोधावी लागे. स्वतःच्या घराला भेग पडली तेव्हा तिने ती तीन वर्षं दर शरदात सफाईने लिंपून टाकली. चौथ्या वसंतात टेकडी सरकली आणि मागची भिंत बसली. विमा होता, पण आगीचा, वादळाचा आणि चोरीचा. जमीन घसरली तर वेगळं कलम घ्यावं लागतं, हे तिला पाहणीला आलेल्या माणसाकडून त्या दिवशी कळलं. तेव्हापासून ती बहिणीच्या परसातल्या दोन खोल्यांत राहत होती, आणि कुणाचीही भेग बुजवण्याआधी पॉलिसी मागत होती. लोक हसत. "राल्का आली, कागद लपवा!"

ख्रिस्तोफोर मास्तरांनी सप्टेंबरात तिला बोलावलं. शनिवारी मुलीचा साखरपुडा होता, आणि बैठकीच्या खोलीत खिडकीपासून जमिनीपर्यंत तिरकी भेग गेली होती.

"मास्तर, पॉलिसी दाखवा."

"तू गिलावा करायला आलीस की झडती घ्यायला?"

"आधी झडती."

"माझ्याकडे जमीन घसरण्याचं कलम आहे," मास्तर ताठ मानेने म्हणाले. "मी काही अडाणी नाही."

"ह्यांनी ती वाचलेली नाही हं," एवदोकियावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "फक्त फाइलला लावली. शाळेत निबंधही असेच तपासायचे."

राल्काने चष्मा लावला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवून वाचलं. कलम होतं खरं, पण अचानक घसरलेल्या जमिनीपुरतं. माती हळूहळू फुगली, आकसली, पाणी मुरून खचली, तर भरपाई नाही. अंगणातली माती अडवणारी भिंत तर विम्यात नव्हतीच.

"म्हणजे इतकी वर्षं मी कशाचे हप्ते भरले?"

"टेकडी धाडकन खाली आली तर, त्याचे. तेही लागतातच. पण तुमची भेग कशाची आहे ते आधी बघू."

तिने भेगेवर आडव्या तीन काचेच्या पट्ट्या चुन्याने चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकेल. मास्तर संतापले. पाहुण्यांसमोर हे काय प्रदर्शन? राल्काने थापी पिशवीत टाकली. "लिंपून दिलं तर पैसे मला मिळतील आणि भेग तुम्हाला परत मिळेल."

शनिवारी चीज भरलेल्या बानित्साच्या ताटांपेक्षा पाहुण्यांची गर्दी काचांपुढेच जास्त झाली. दोब्रिचहून आलेले व्याही वाकून तारखा वाचू लागले. मग हळूच बायकोला म्हणाले, "आपली पॉलिसी कुठे ठेवलीय गं?"

अकराव्या दिवशी खालची काच तडकली. राल्का घराभोवती फिरली. पन्हळीचा पाइप नेमका त्या कोपऱ्याच्या पायाशी उघडत होता, आणि तिथली चिकणमाती लोण्यासारखी मऊ झाली होती.

"याचे पैसे कंपनी देणार नाही," ती म्हणाली. "पण हे आपल्याला थांबवता येईल."

मास्तरांनी कंपनीला पत्र लिहून लेखी खुलासा मागवला. उत्तर आलं ते राल्काच्याच शब्दांसारखं होतं, फक्त लांबलचक. त्यांनी ते वाचनालयाच्या फळ्यावर लावलं आणि महत्त्वाच्या ओळीखाली लाल पेन्सिल ओढली. ते वाचून लोकांनी आपापल्या पॉलिसी काढून पाहिल्या. वरच्या आळीतल्या सहा घरांत जमीन घसरण्याचं कलमच नव्हतं. हिवाळ्याआधी चौघांनी ते घेतलं. दोघं म्हणाले, बघू.

पाइप वळवला, पायाजवळून चर खणला, त्यात खडी भरली. राल्काने तडकलेल्या काचेच्या जागी नवी लावली. पावसाळी नोव्हेंबर गेला, बर्फ वितळलं, काचा शाबूत राहिल्या. मे महिन्यात ती थापी घेऊन आली. मास्तर बाह्या सरसावून गिलाव्याचा माल कालवायला बसले.

"पातळ केलंत," ती म्हणाली. "सरका तिकडे. वहिनी, ह्यांना काहीतरी वाचायला द्या."